कॉम्प्युटरचे पंखे : त्यांचें कार्य, नियमन व निगा

(लेखक : एक सेवानिवृत्त महसुली कारकून)

शेतकऱ्याचें दप्तर पूर्वीं लाल फडक्यांत बांधून फडताळांत ठेवलेलें असे. आतां सातबाराचा उतारा, सोसायटीचें कर्जखातें, पीकविम्याचा अर्ज, साखर कारखान्याकडील उसाच्या वजनाचा हिशेब, हीं सर्व कामें कॉम्प्युटरवर होतात. सन २०२२ मध्यें केंद्र सरकारनें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तेव्हांपासून सोसायटीच्या कचेरींतील कॉम्प्युटर ही नवलाची वस्तु न राहतां रोजच्या जरुरीची झाली आहे. कित्येक बागायतदारांच्या घरीं मुलांच्या शिक्षणाकरितां म्हणून आणलेलें यंत्र घरचा जमाखर्चहि सांभाळूं लागलें आहे.

या यंत्राच्या पोटांत एक, दोन, क्वचित् चार पंखे, यंत्र चालू असेपर्यंत फिरत असतात. ते फिरतात तोंवर त्यांकडे कोणी पाहत नाहीं. आणि त्यांनीं काम सोडलें कीं यंत्र अडतें, तेंहि बहुधा ऐन गर्दीच्या वेळीं. मार्चअखेर हा पीककर्जाच्या फेडीचा काळ. मुदतींत भरणा झाला तर व्याजाची सवलत पदरांत पडते, चुकला तर हातची जाते. त्याच दिवसांत ऊन चढूं लागतें, दारीं सभासदांची रांग असते, आणि यंत्र मंद होतें किंवा आपण होऊन बंद पडतें. मग "यंत्र जुनें झालें", "व्हायरस शिरला", असें म्हणून नव्या यंत्राच्या खरेदीचा विषय सभेपुढें येतो. पुष्कळ वेळां दोष इतकाच असतो कीं, आंतील उष्णतेला बाहेर पडण्यास वाट राहिलेली नसते. हा दोष ओळखण्यास व टाळण्यास विशेष विद्या लागत नाहीं. ज्याला विहिरीवरील पंपाची निगा राखतां येते, त्याला हीहि निगा राखतां येईल, या विश्वासानें हा लेख लिहिला आहे.

पंखा थंडी करीत नाहीं

प्रथम एक-दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. ज्या उभ्या पेटीला आपण सर्वजण 'सीपीयू' म्हणतों, ती वस्तुतः नुसती पेटी, म्हणजे कॅबिनेट आहे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा तिच्या आंत मदरबोर्डावर बसविलेला एक लहानसा चौकोनी तुकडा असतो. यंत्र जेवढी वीज खातें, तेवढी जवळजवळ सर्व शेवटीं उष्णता होऊन बाहेर पडते. पेटी १०० वॅट वीज घेत असेल, तर १०० वॅटचा जुना तारेचा दिवा बंद खोक्यांत पेटवून ठेवल्यासारखेंच तें आहे. ही उष्णता बाहेर नेणें एवढेंच पंख्याचें काम. पंखा थंडी उत्पन्न करीत नाहीं. तो उष्णतेची वाहतूक करतो. खोलीची हवा ४२ अंश असेल, तर कितीहि पंखे लावले व कितीहि जोरानें फिरविले, तरी प्रोसेसर ४२ अंशांखालीं येणार नाहीं.

म्हणून प्रोसेसरचें उष्णतामान नुसतें पाहून भागत नाहीं. त्यांतून खोलीचें उष्णतामान वजा करून उरणारा फरक पाहावा. समजा, पौषांत खोली २० अंश असून एक ठराविक काम चालू असतां प्रोसेसर ५५ अंश दिसला. फरक ३५ झाला. वैशाखांत तेंच काम करतांना खोली ४० व प्रोसेसर ७५ अंश दिसला, तर आंकडा मोठा झाला खरा, पण फरक ३५ च आहे. यंत्र जसें होतें तसेंच आहे. उलट, पौषांतच खोली २० असतां प्रोसेसर ७० वर गेला, तर फरक ५० झाला. हा आंकडा वैशाखांतील आंकड्याहून लहान असूनहि दोष येथेंच आहे. हा फरक म्हणजे या सर्व विषयाची किल्ली आहे, आणि पुढील विवेचन तिच्याच आधारें केलें आहे.

बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. मर्यादा जवळ आली कीं प्रोसेसर स्वतःची चाल कमी करतो. त्यामुळें तो जळत नाहीं, पण काम रेंगाळतें. यंत्र मंद झाल्याची पुष्कळशी तक्रार या कारणानें असते. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तर यंत्र आपण होऊन बंद होतें, आणि नोंद चालू असेल तर ती अर्धवट राहते.

हवा तरी किती लागते? १०० वॅट उष्णता वाहून नेतांना हवा १० अंशांनीं तापूं द्यावयाची असें धरलें, तर मिनिटास सुमारें ५०० लिटर, म्हणजे अर्धा घनमीटर हवा लागते. १२० मिलिमीटर मापाचा साधा पंखा मिनिटास हजार-बाराशे फेऱ्यांनीं फिरला, तर मोकळ्या हवेंत याच्या दुपटीच्या आसपास हवा ढकलतो. पेटींतील जाळी, तारा व अडगळ यांमुळें प्रत्यक्षांत हें प्रमाण बरेंच घटतें. तरीहि कचेरीच्या साध्या यंत्रास एक-दोन मोठे, सावकाश फिरणारे पंखे पुरे होतात. याहून अधिक जोराची गरज वाटूं लागली, तर पंख्याला दोष देण्यापूर्वीं वाऱ्याची वाट तपासावी.

वाऱ्याला वाट

कांद्याची चाळ बांधतांना आपण ती जमिनीपासून सुमारें दोन फूट उंच घेतों, तळाला फटी ठेवतों, आणि वर उष्ण हवेला निघून जाण्यास जागा ठेवतों. खालून हवा शिरली नाहीं तर वरची फट निरुपयोगी, आणि वर वाट नसेल तर खालची निरुपयोगी. कॉम्प्युटरच्या पेटीचा नियम हाच आहे. थंड हवा पुढून किंवा खालून आंत यावी, आणि तापलेली हवा मागून किंवा वरून बाहेर जावी. पुढचा पंखा आंत ओढणारा व मागचा बाहेर टाकणारा असावा. दोन्ही पंखे आंतच ओढूं लागले, किंवा दोन्ही बाहेर टाकूं लागले, तर गरगर आवाज पुष्कळ होतो, पण प्रवाह वाहत नाहीं.

पंख्याची दिशा ओळखणें सोपें आहे. चौकटीच्या ज्या बाजूस मधल्या मोटरीला धरणारे तीन-चार आडवे दांडे दिसतात, त्या बाजूनें हवा बाहेर पडते. उघडी पातीं दिसतात त्या बाजूनें ती ओढली जाते. कांहीं पंख्यांच्या चौकटीवर बाणहि कोरलेला असतो. खात्री करावयाची तर कागदाची अरुंद पट्टी धरून पाहावी. ती चिकटते कीं उडते यावरून दिशा कळते.

पेटी भिंतीला टेकवून, टेबलाच्या बंद कप्प्यांत कोंबून, किंवा दप्तराच्या गठ्ठ्यांमध्यें दाबून ठेवूं नये. मागें निदान वीतभर जागा मोकळी असावी. ती जमिनीवर ठेवली तर केर झाडतांना उडालेली सर्व धूळ तिच्या पोटांत जाते; चौरंग किंवा लहान फळी खालीं घ्यावी. उन्हाळ्यांत पेटीचें एका बाजूचें झाकण काढून ठेवण्याची पद्धति कित्येक ठिकाणीं दिसते. तिनें ठरलेला प्रवाह मोडतो, धूळ व पाली आंत शिरतात. मात्र परीक्षेपुरतें झाकण काढून पाहण्यास हरकत नाहीं. झाकण काढतांच उष्णतामान आठ-दहा अंशांनीं उतरलें, तर हवा आंत येण्याची वाट कोठें तरी बुजली आहे असें समजावें, ती मोकळी करावी आणि झाकण पुन्हां लावावें.

पाण्याच्या कूलरची ओली हवा थेट पेटीवर सोडूं नये. ओलाव्यानें धूळ पात्यांवर व पत्र्यांवर चिखलासारखी बसते, आणि मग ती ब्रशानेंहि निघत नाहीं.

वेग, हवा आणि आवाज

पंपाचा एक नियम बागायतदारांस अनुभवानें ठाऊक असतो : पंपाचे फेरे कमी केले तर पाणी कमी येतें, पण विजेचा खर्च त्याहून पुष्कळ अधिक प्रमाणांत उतरतो. पंख्यालाहि हाच नियम लागू आहे. फेरे निम्मे केले तर हवा निम्मी होते, हवेचा दाब चौथाईवर येतो, आणि लागणारी शक्ति आठव्या हिश्शावर येते. आवाजांत सुमारें १५ डेसिबलांचा उतार पडतो, आणि हा उतार कानास स्पष्ट कळतो. उलट, सारखेच दोन पंखे एकत्र चालविले तर आवाज अवघा ३ डेसिबल वाढतो. तात्पर्य, एका लहान पंख्याला पिटाळण्यापेक्षां दोन पंखे संथ चालविणें सर्व दृष्टींनीं हिताचें. त्याचप्रमाणें ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षां १२० मिलिमीटरचा पंखा कमी फेऱ्यांत तितकीच हवा देतो. पेटींत जागा व भोकें जुळत असतील तर मोठाच घ्यावा.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. फेरे कमी केल्यानें दाब फारच उतरतो. म्हणून दाट जाळी किंवा दाट पत्र्यांच्या मागें असलेला पंखा अति संथ केला तर त्याची हवा त्यांतून पार होत नाहीं. जाळी स्वच्छ असेल तरच संथ पंखा शोभतो.

तारांचा अर्थ

पंख्याला दोन, तीन किंवा चार तारा असतात. दोन तारा म्हणजे १२ व्होल्ट वीज आणि तिची परतीची वाट. तिसरी तार पंख्याचे फेरे कळविते. प्रत्येक फेऱ्यास ती दोन ठोके देते, आणि ते मोजून मदरबोर्ड मिनिटाचे फेरे दाखवितो. सेकंदास ४० ठोके आले तर २० फेरे, म्हणजे मिनिटास १,२०० फेरे झाले.

चौथी तार हुकूम नेणारी आहे. तिच्यांतून सेकंदास सुमारें २५,००० वेळां चालू-बंद असा इशारा जातो. त्यांतील 'चालू'चा हिस्सा जितका मोठा, तितका पंखा वेगानें फिरतो. या पद्धतीस 'पीडब्ल्यूएम' म्हणतात. तींत पंख्याला १२ व्होल्ट अखंड मिळत असतात, केवळ चालीचा हुकूम बदलतो. म्हणून तो अगदीं संथहि नीट चालतो. तीन तारांच्या पंख्याला असा हुकूम देतां येत नाहीं. त्याचें व्होल्टेज कमी करूनच त्याला संथ करावें लागतें. या रीतीस 'डीसी' म्हणतात. तींत ध्यानांत ठेवावयाचें तें असें कीं, थांबलेला पंखा सुरू होण्यास जेवढें व्होल्टेज लागतें, त्याहून कमी व्होल्टेजवर फिरता पंखा फिरत राहूं शकतो. व्होल्टेज फार उतरविलें तर सायंकाळीं फिरत असलेला पंखा सकाळीं उठतच नाहीं, असें घडतें.

मदरबोर्डावर पंख्यांकरितां ज्या खुंट्या असतात, त्यांपैकीं 'सीपीयू फॅन' अशी खूण असलेल्या जागींच प्रोसेसरचा पंखा लावावा. बोर्ड त्या जागेवर पहारा ठेवतो. तेथून ठोके आले नाहींत तर यंत्र सुरू होतांना 'सीपीयू फॅन एरर' असा संदेश देतो. पंखा बंद असणें, तार सुटणें, भलत्या जागीं लावली जाणें, किंवा पंखा बोर्डाच्या किमान मर्यादेहून संथ फिरणें, हीं याचीं नेहमींचीं कारणें होत. संदेश दिसतांच कळ दाबून पुढें जाणें म्हणजे तापलेल्या इंजिनाची सूचना न ऐकतां तें हांकीत राहणें होय.

नियमन कोठें व कसें करावें

यंत्र चालू करतांच 'डिलीट' किंवा 'एफ-टू' ही कळ वारंवार दाबली असतां बहुतेक यंत्रांत बायोस नांवाचें पान उघडतें. त्यांत 'हार्डवेअर मॉनिटर' किंवा 'फॅन कंट्रोल' अशा नांवाखालीं पंख्यांचे फेरे, उष्णतामानें व चालीची पद्धति दिसते. प्रथम पंख्याच्या तारा मोजून पद्धति जुळवावी : चार तारांस पीडब्ल्यूएम, तीन तारांस डीसी. तीन तारांचा पंखा पीडब्ल्यूएमवर ठेवला तर त्याला हुकूम पोंचत नाहीं, आणि तो सदैव पूर्ण वेगानें ओरडत राहतो. "पंखा फार आवाज करतो" या तक्रारीचें एक सोपें कारण हें आहे.

त्यानंतर उष्णतामान व वेग यांची जोडी ठरवावी. उदाहरणादाखल एक कोष्टक देतों : ४० अंशांपर्यंत ३० टक्के, ६० अंशांस ५० टक्के, ७५ अंशांस ८० टक्के, ८५ अंशांस पूर्ण वेग. वरच्या टोंकाला पूर्ण वेग अवश्य ठेवावा. आवाजाला कंटाळून तेथें कपात करूं नये. खालच्या टोंकाला पंखा थांबणार नाहीं एवढी चाल असावी. आपल्याकडे उन्हाळ्यांत खोलीच ४० अंशांवर जाते, म्हणून केवळ थंड मुलुखाच्या मानानें आंखलेलें कोष्टक जसेंच्या तसें उचलूं नये. फाल्गुनांत एकदां मधला टप्पा दहा टक्क्यांनीं वाढवावा व दिवाळीनंतर उतरवावा.

कांहीं यंत्रांत पंखा दर क्षणाला चढतो व उतरतो, आणि तें ऐकून मनुष्य त्रासून जातो. प्रोसेसरचें उष्णतामान क्षणांत दहा-दहा अंश बदलतें, पंखा त्याच्या मागें धांवतो. बायोसमध्यें चढउतारास कांहीं सेकंदांचा विलंब लावण्याची सोय असल्यास ती वापरावी. म्हणजे पंखा क्षणिक लाटेकडे दुर्लक्ष करून टिकणाऱ्या उष्णतेलाच उत्तर देतो.

विजेच्या पेटीचा, म्हणजे एसएमपीएसचा पंखा, बहुधा आपलें नियमन आपणच करतो. त्यांत हात घालूं नये. एसएमपीएस उघडणें धोक्याचें आहे, कारण वायर काढल्यानंतरहि त्यांतील कपॅसिटरांत विजेचा साठा राहूं शकतो. त्याची धूळ बाहेरूनच उडवावी.

धूळ हाच मुख्य शत्रु

शहरांतील यंत्रापेक्षां खेड्यांतील यंत्राला धूळ अधिक. मळणीच्या दिवसांत भुसकट, कापसाच्या भागांत तंतु, कारखान्याच्या परिसरांत काजळी, आणि बारा महिने रस्त्याची माती. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा जो जुडगा असतो, त्यास हीटसिंक म्हणतात. पंख्याखालीं या पत्र्यांच्या फटींत धुळीची गोधडी तयार होते; वरून पंखा झोकांत फिरतांना दिसतो, पण हवा पत्र्यांत शिरतच नाहीं. म्हणून पंखा फिरतो एवढ्यावर समाधान मानूं नये.

सफाईची रीत अशी. यंत्र बंद करून वायर काढावी आणि सुरू करण्याचें बटण कांहीं सेकंद दाबून उरलेली वीज जाऊं द्यावी. पेटी अंगणांत नेऊन झाकण काढावें. मऊ कोरड्या ब्रशानें धूळ सैल करावी व ब्लोअरनें उडवावी. ब्लोअर मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. मोकळें सोडल्यास पंखा आपल्या मर्यादेबाहेर फिरून त्याची बेअरिंग बिघडते. ओलें फडकें लावूं नये, तोंडानें फुंकर घालूं नये. पुढची जाळी काढतां येत असेल तर धुवून पूर्ण वाळवून बसवावी.

सफाई केली, पंखाहि नीट फिरतो, तरी फरक मोठाच राहिला, तर मागून निघणाऱ्या हवेस हात लावून पाहावा. ती विशेष तापलेली नसून प्रोसेसर मात्र तापत असेल, तर उष्णता पत्र्यांपर्यंत पोंचतच नाहीं. प्रोसेसर व हीटसिंक यांमध्यें थर्मल पेस्ट नांवाचा लेप असतो. तो कांहीं वर्षांनीं वाळतो, किंवा हीटसिंकची एखादी खुंटी सुटून ती तिरपी बसते. हें काम जाणत्या मनुष्याकडून करवावें. पंखा घरघरूं लागला, तर बेअरिंग झिजली असें समजावें. तेलाचा थेंब घालून कांहीं दिवस निभतें, परंतु तो बदलणेंच श्रेयस्कर. नवा पंखा घेतांना माप, तारांची संख्या व पाठीवरील अँपिअरचा आंकडा जुन्याशीं ताडून पाहावा. मदरबोर्डावरील बहुतेक खुंट्या १ अँपिअरपर्यंतच भार सोसतात.

नोंदवही

महसुली खात्यांत उभा जन्म गेल्यामुळें नोंदीचें महत्त्व मला कोणी सांगावयास नको. ज्या गोष्टीची नोंद नाहीं, तिची तुलना करतां येत नाहीं, आणि तुलना नसेल तर वाद मात्र उरतो. सोसायटीच्या सचिवानें एका वहींत सहा रकाने आंखावे : तारीख, खोलीचें उष्णतामान, प्रोसेसरचें उष्णतामान, दोहोंतील फरक, पंख्याचे फेरे, शेरा. महिन्यांतून एकदां, त्याच वेळीं व तेंच काम अर्धा तास चालल्यावर नोंद घ्यावी. यंत्र चालू असतांना हे आंकडे दाखविणारे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. विंडोज असेल तर 'एचडब्ल्यूइन्फो' आणि लिनक्स असेल तर 'एलएम-सेन्सर्स' पुरेसे आहेत.

वही वाचण्याची रीतहि सोपी आहे. फेरे तेवढेच असून फरक महिन्यागणिक वाढत गेला, तर धूळ. काम तेंच असून फेरे कमी दिसूं लागले व फरक वाढला, तर पंखा थकला. फरक एकाएकीं वीस-तीस अंशांनीं वाढला, तर हीटसिंक सुटली किंवा पंखा बंद पडला. आंकडे वाढले पण फरक तोच, तर ऋतु बदलला. यंत्रास हात लावूं नये, खोलीची खिडकी उघडावी.

सफाईचे दोन मुहूर्त सोयीचे आहेत. एक फेब्रुवारींत, मार्चच्या गर्दीपूर्वीं. दुसरा खरिपाची मळणी आटोपल्यावर. जेथें धूळ विशेष, तेथें वहींतील फरकच तिसरा मुहूर्त सांगेल.

नव्या यंत्राच्या खरेदीचा ठराव सभेपुढें आला, तर सभासदांनीं प्रथम ही वही मागावी. वही नसेल तर झाकण उघडून हीटसिंकच्या फटी पाहाव्या, सफाई करवावी, आणि आठ दिवस तेंच काम चालवून फरक मोजावा. त्यानंतरहि यंत्र कामास पुरत नसेल तर खुशाल नवें घ्यावें. आणि नवें आल्याबरोबर, तें स्वच्छ असतांनाच, पहिली नोंद वहींत करावी. पुढील प्रत्येक नोंदीची तुलना तिच्याशींच करावयाची आहे.